फक्त नववीतच करता येईल असं काम

पुणे, जानेवारी

प्रिय चिऊ,

तुझं पत्र मिळालं. 'नववीत श्वास घ्यायला वेळ नाही' हे वाक्य वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले, कारण मला तुझ्याकडे जे मागायचं आहे ते आपण नववीत आहोत तोवरच देता येतं.

मी एका ताईची लेखनिक झाले आहे. ताईला दिसत नाही, ती यंदा दहावीला बसते आहे. ती सांगणार, मी लिहिणार. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. आठवीतल्या मुलांना दहावीची भाषा भरभर लिहिणं जड जातं, म्हणून सगळे नववीच्या मुलांना शोधत असतात. पुढच्या वर्षी आपणच दहावीत. मग कितीही वाटलं तरी दहावीच्या पेपरला कुणासाठी बसता येणार नाही.

तू विचारशील, ती ब्रेलमध्ये का नाही लिहीत? लिहिते की! पाटीत जाड कागद अडकवते आणि टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जाते, म्हणजे कागद उलटल्यावर उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. सहा ठिपक्यांच्या जागा, त्यांतच आपली सगळी मुळाक्षरं बसतात. तिचा वेग बघून मी थक्क झाले. पण पेपर तपासणाऱ्यांना देवनागरीच वाचता येते, तेवढ्यापुरता हात माझा.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बसने कोथरूडला तिच्या वसतिगृहावर जाते. जुन्या कृतिपत्रिका घेऊन आम्ही सराव करतो. मला वाटलं होतं, लिहिणं अवघड जाईल. खरं अवघड आहे ते वाचून दाखवणं. मराठीच्या कृतिपत्रिकेत 'आकृती पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा' असतं ना, ते न दिसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? 'मधे एक चौकट, तिच्यात अमुक लिहिलंय, तिच्यापासून चार बाण निघालेत, चारही टोकांना रिकाम्या चौकटी' असं क्रमाने सांगावं लागतं. आधी उतारा वाचायचा की आधी प्रश्न, हे ती ठरवते. तिला आधी प्रश्न हवे असतात, म्हणजे उतारा ऐकतानाच उत्तरं मनात टिपून ठेवता येतात. एवढा मोठा उतारा एकदा, फार तर दोनदा ऐकून ती स्वमतापर्यंत पोचते. आपण त्याच उताऱ्यावर पुन्हा पुन्हा डोळे फिरवत बसतो!

आणि सगळ्यात कठीण म्हणजे गप्प बसणं. इतिहासाच्या सरावात ती म्हणाली, 'दर्पण वृत्तपत्र १८४० मध्ये सुरू झालं.' आता सहा जानेवारीला शाळेत पत्रकार दिनाचं भाषण ऐकून आलेल्या मला १८३२ पाठच होतं. तरी मी १८४० लिहिलं. आम्हाला समजावून सांगणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नुसतं पेन थांबलं तरी तो इशारा होतो, कारण ताईला पेनाचा आवाज ऐकू येतो. शेवटी तिने उत्तर वाचून दाखवायला सांगितलं आणि मधेच म्हणाली, 'थांब, १८४० हे दिग्दर्शन मासिकाचं. दर्पण १८३२. खोड ते.' चिऊ, मला इतका आनंद झाला! मी आधी सुचवलं असतं तर तो गुण तिचा राहिला नसता, आणि आपल्याला जमतं हे तिचं तिलाही कळलं नसतं.

इंग्रजीची अवघड स्पेलिंग ती अक्षर न अक्षर सांगते. मराठीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातात असतं. माझ्या चुकीने तिचा अर्धा गुणही जायला नको, म्हणून शुद्धलेखनाचे नियम मी कधी नव्हे इतके मन लावून वाचते आहे. पेपरला तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. बोटं दुखतात, पण सवय होते. आईला माझ्या अभ्यासाची काळजी वाटत होती. एकदा ती माझ्याबरोबर आली, कोपऱ्यात बसून सगळं ऐकलं, आणि घरी जाताना आपणहून म्हणाली की विज्ञानालाही बसायचं असेल तर बस.

एक गोष्ट मनात सलते. वसतिगृहावर वाढदिवसाला खाऊ घेऊन येणारे पुष्कळ. मुलींना गाणी म्हणायला लावतात, फोटो काढतात, जातात. परीक्षेचं नाव काढलं की कुणी मिळत नाही. मुली आभार मानतात, हसतात, पण त्यांना काय हवंय हे कुणी विचारतच नाही. मला तो खाऊ नकोसा वाटतो. पुण्यात अंधशाळा आहेत, विद्यानगरला मीरा बडवे यांची 'निवांत' आहे. तिथे मोठी मुलं कॉलेजचं शिकतात आणि ब्रेल पुस्तकंही तयार होतात. इतकं सगळं असूनही ताईसारख्या मुलींना प्रत्येक पेपरला एक लिहिणारा हात लागतोच.

साताऱ्यातही ही मुलं असतीलच. तुमचा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो. लेखनिकाची परवानगी परीक्षार्थीच्या शाळेमार्फत काढतात, म्हणून तू थेट मंडळाकडे न जाता आधी तुझ्या वर्गशिक्षिकांना विचार. एका विषयाला एकच लेखनिक असतो, पण वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे चालतात, त्यामुळे सगळी परीक्षा तुझ्यावर पडेल ही भीती नको. एखादा विषय घे. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर बदलीही लागतो. माझी शुद्धलेखनाची वही हवी तर झेरॉक्स करून पाठवते.

तुझं अक्षर आपल्या वर्गात सगळ्यात सुवाच्य होतं, आणि तू मोठ्याने वाचायचीस तेव्हा मागच्या बाकापर्यंत नीट ऐकू यायचं. दोन्हीची कुणाला तरी आत्ता गरज आहे. मार्चपर्यंत थांबू नकोस, सोमवारीच विचार आणि बाई काय म्हणाल्या ते लगेच कळव.

काका-काकूंना नमस्कार.

तुझीच,
मनू