काकू, पाचाचं एक पान हरवलंय

ती. काकूंस,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की "आधी पोह्यांवर जिरावण मसाला घाल" म्हणून तुम्ही विषय उडवून लावता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

गेल्या वर्षी चौथीचा वर्ग हाती आला. 68 आणि 86 मधली मोठी संख्या कोणती, हे मुलं धडाधड सांगायची. का, विचारलं की गप्प. मी पत्त्यांचा कॅट वर्गात नेला, तर तिसऱ्याच दिवशी एका पालकांनी "शाळेत जुगार?" म्हणून तक्रार केली आणि मला ऑफिसात बोलावणं आलं. त्या संध्याकाळी मी रामबागेतल्या तुमच्या ओट्यावर रडवेली होऊन बसले होते. तुम्ही समजूत वगैरे काही घातली नाहीत. आतून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि कात्री आणलीत. राजा नाही, राणी नाही, गुलाम नाही. एक ते नऊ, प्रत्येकाची चार, अशी 36 पानं.

खेळही तुमचाच. पान ओढायचं, दशकाच्या घरात ठेवायचं की एककाच्या ते लगेच ठरवायचं, मग दुसरं ओढायचं. मोठी संख्या ज्याची, तो जिंकला. ठेवलेलं पान हलवायचं नाही, यावर तुम्ही अडून बसलात. मला तो उगाचचा कडकपणा वाटला होता, पण सगळी गंमत तिथंच निघाली. नऊ आला की दशकात, एक आला की एककात, हे कुणीही करेल. सहा आला तर? एका मुलीनं उरलेली 35 पानं फरशीवर उताणी मांडली आणि मोजली. सहापेक्षा लहान 20, मोठी 12, सहाचीच 3. "दशकात ठेवते," ती म्हणाली, "पण हरूही शकते हं." शक्यता हा शब्द तोवर मी फळ्यावर लिहिलाही नव्हता. पाचावर तर भांडणच जुंपलं: लहान 16, मोठीही 16. तुमच्याकडे निकाल मागायला आले, तर "मग छापा-काटा कर, मला काय विचारतेस!"

आणि तो हळदीचा डाग! एका नव्वीच्या पाठीवर होता, पोरांनी दोन दिवसांत हेरला. पान उचलायच्या आधीच ओरडा. तुम्ही शांतपणे उरलेल्या 35 पानांनाही हळदीचं बोट लावलंत.

तुमचं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे तिथल्या जुन्या पत्त्यांचा, गंजिफाचा, विषय निघणारच होता. दशावतारी गंजिफा म्हणजे विष्णूच्या एकेका अवताराचा एक असे दहा रंग, 120 गोल पानं. राजा-प्रधानाच्या खाली पाच अवतारांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक मोठा. ते ऐकल्यापासून आमच्याकडे शुक्रवारी उलटा बाजार असतो, लहान संख्या जिंकते. नऊ एककात ढकलायची धडपड बघायला एकदा याच. 68 की 86 विचारलं की आता मुलं कारणासकट उत्तर देतात, आणि वर "आज शुक्रवार आहे का?" म्हणून मलाच विचारतात.

एक कबुली. पाचाचं एक पान हरवलंय. मी हळहळले, तर मुलांनीच मोजून सांगितलं की पाच आला तरी उरलेल्यांत 16-16 तसंच राहतं. तरी एक पान करून द्याल ना? पत्रिका मी आणते, हळद तुमची.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मास्तरीण