जिथे चिकटायला हवं तिथे निघालं, जिथे निघायला हवं तिथे चिकटलं

दिनांक : १२ सप्टेंबर २०२५
कोथरूड, पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(आपलं नाव वेबसाइटवर कुठेच सापडलं नाही, म्हणून नुसतं पद लिहिलं आहे.)

विषय : सेल्फ-अॅडहेसिव्ह टाइल स्टिकर, रंग 'आयव्हरी', १२ पाकिटं, एकूण ४,१८८ रुपये : परतावा आणि नुकसानभरपाईबाबत

महोदय / महोदया,

मी भाड्याच्या घरात राहते. बिल्डिंग १९८७ सालची आणि बाथरूमही तेव्हाचंच, चार फूट बाय सात फूट. बेसिन पिस्ता रंगाचं, कमोड पिस्ता, भिंतीत बसवलेली साबणदाणीसुद्धा पिस्ता. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत सहा बाय सहाच्या फिक्या हिरव्या टाइल्स आणि दर पाचव्या टाइलवर सूर्यफूल की शेवंती हे अजून न ठरलेलं एक तपकिरी फूल. त्या काळी सगळा सेट एका रंगाचा असणं ही ऐट होती. घरमालकीण काकू आजही सांगतात, "सासऱ्यांनी खास ऑर्डर देऊन आणवलं होतं." त्यामुळे करार करताना त्यांनी एकच अट घातली. हवं ते लाव, पण जाताना बाथरूम होतं तसं मिळालं पाहिजे. अकरा महिन्यांच्या करारात ते लिहिलेलंही आहे. डिपॉझिट ६०,००० रुपये आहे आणि करार ३१ ऑक्टोबरला संपतो.

हे सगळं सांगायचं कारण तुमची जाहिरात. 'जुन्या भाड्याच्या बाथरूमसाठी', 'वाफ, पाणी, उष्णता सगळं सोसतं' आणि 'काढताना खूणही राहत नाही' ही तीन वाक्यं तुमच्या पानावर आहेत. खालच्या व्हिडिओत एक बाई दोन बोटांनी स्टिकर अलगद सोलून काढते आणि खाली टाइल आरशासारखी चमकते. मी पैसे दिले ते त्या दोन बोटांसाठी. स्वतःच्या घरात असते तर गवंडी बोलावून टाइल्सच बदलल्या असत्या.

माल ८ जुलैला आला. वेबसाइटवर आयव्हरी म्हणजे सायीसारखा रंग दिसत होता, प्रत्यक्षात निळसर पांढरा निघाला, ट्यूबलाइटखाली तर सरकारी दवाखान्यासारखा. त्याच्या शेजारी बिचारं पिस्ता बेसिन आणखीच मळकट दिसायला लागलं. तरीही मी लावलं, कारण पाकीट फोडल्यावर परत घेत नाही असं तुमचा चॅटबॉट म्हणाला आणि पाकीट फोडल्याशिवाय रंग दिसत नाही.

तयारीत कसूर केली असं म्हणू नका. आमच्याकडे वापरायला बोअरचं पाणी आहे, टाइल्सवर क्षारांचा थर बसतो. तो व्हिनेगरने काढला, मग साबणाच्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि दारात टेबलफॅन लावून दोन दिवस वाळवलं. ते दोन दिवस अंघोळीला मैत्रिणीकडे जात होते. १२ आणि १३ जुलैला बेसिनच्या आणि गीझरच्या अशा दोनच भिंतींना २२० तुकडे लावले, प्रत्येक तुकडा जुन्या बँक कार्डाने दाबून. शॉवरच्या बाजूला हातही लावला नाही.

२४ जुलैला पहाटे गीझरच्या भिंतीवरून पहिली रांग खाली आली. मला वाटलं पाल पडली. त्यानंतर अधूनमधून चार-पाच पडत गेले आणि आजपर्यंत ९६ तुकडे आपणहून निघाले. एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, चार हजारांचा धडा म्हणून सोडून दिलं असतं.

खरी गंमत बेसिनच्या भिंतीवर झाली. १७ ऑगस्टला म्हटलं, उरलेलेही काढून टाकू. दोन बोटांनी वरची प्लॅस्टिकची पापडी निघाली आणि गोंद टाइलवरच राहिला. हेअर ड्रायरने गरम केलं, तर तो तारेसारखा लांबायला लागला. खोबरेल तेल लावलं, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. जुन्या टाइल्सच्या झिलईला केसासारख्या बारीक चिरा असतात. गोंद त्या चिरांत जाऊन बसला आहे आणि आता त्याच्यावर धूळ बसून काळी जाळी दिसते. शिवाय स्टिकरबरोबर सांध्यांमधलं व्हाइट सिमेंटही सुटून आलं. ८६ तुकडे काढल्यावर मी थांबले. सांधे पुन्हा भरून भिंत साफ करायचे टाइलवाल्याने ३,५०० रुपये सांगितले आहेत.

तुमच्याकडे पहिली तक्रार मी २५ जुलैला केली. त्यावर "सर, भिंत ओली असेल" असं उत्तर आलं. मी सर नाही आणि भिंत ओली नव्हती. २ ऑगस्टला दुसरं उत्तर आलं, की टाइल्स जुन्या असल्याने वॉरंटी लागू नाही. जुन्या बाथरूमसाठी म्हणून विकलेली वस्तू जुन्या बाथरूममध्ये लावली, हा माझा दोष कसा, ते मला समजलेलं नाही. त्यानंतर फक्त 'आमच्या सेवेला किती स्टार द्याल?' हा मेसेज तीनदा आला.

आणखी एक. पाकिटावर निर्मितीचा महिना-वर्ष नाही आणि माल कोणत्या देशात बनला तेही नाही. गोंद किती जुना होता कुणास ठाऊक. छापील किमतीवर दुसऱ्या किमतीचं स्टिकर डकवलेलं आहे. तेवढं एक मात्र नखाने, खूण न ठेवता निघालं.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. आज ४९ दिवस झाले. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. पाकीट फोडलं की संपलं, हा नियम तुमचा आहे, कायद्याचा नाही.

मला मालाचे ४,१८८ आणि भिंतीच्या दुरुस्तीचे ३,५००, असे एकूण ७,६८८ रुपये मिळावेत. 'काढताना खूणही राहत नाही' हे वाक्य जाहिरातीतून काढावं. न फोडलेलं एक पाकीट माझ्याकडे आहे, ते तुमच्या खर्चाने घेऊन जावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

जाता जाता, बाथरूम शेवटी सुधारलं, तुमच्या मालाशिवाय. पांढरी ट्यूब काढून पिवळसर बल्ब लावला, साय रंगाचा पडदा, पितळी रंगाच्या चौकटीचा आरसा आणि बाटलीत मनी प्लांट. सगळे मिळून ९०० रुपये. त्या उजेडात पिस्ता चक्क बरा दिसतो. काकूंनी येऊन बघितलं, खूश झाल्या, मग त्यांची नजर बेसिनच्या भिंतीकडे गेली.

सोबत बिलाची प्रत, आधीचे आणि नंतरचे फोटो, तुमच्या पानाचे स्क्रीनशॉट आणि टाइलवाल्याचं कोटेशन जोडलं आहे. भिंतीवर अजून ३८ तुकडे आहेत, ते मुद्दाम ठेवले आहेत. व्हिडिओतल्या बाईंना पाठवा. रविवारी सकाळी अकरानंतर मी घरी असते.

आपली,
त्रस्त ग्राहक
(ऑर्डर क्रमांक आणि मोबाइल नंबर बिलाच्या प्रतीवर आहे.)