तोरिनोत जेवायचं कुठे

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले पंधरा दिवस पिझ्झा-पास्ता खाऊन पोटाचं काय होईल, आणि मागून आईचा आवाज, पन्नास दशम्या घेते म्हणून. अहो बाबा, तोरिनो म्हणजे पिएमोंते, इटलीचा वायव्येकडचा प्रांत, इथल्या जेवणाचं आणि नेपल्सच्या पिझ्झाचं नातं मालवणी आणि वऱ्हाडीइतकंच.

आई, पहिल्या संध्याकाळी तुझ्यासाठी फारिनाता. काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑइल, मीठ, झालं, तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच गं, फक्त कांदा-मिरची नाही! मूळची शेजारच्या लिगुरियाची, पण इथल्या जुन्या पिझ्झेरियात पिझ्झाआधी लोक हीच मागवतात.

बाबांना पिओलात नेणार. पिओला म्हणजे इथली जुनी साधी खानावळ. तिथे आन्योलोत्ती देल प्लिन खायचं, प्लिन म्हणजे चिमटा, पास्त्यात मांसाचं सारण भरून कडा चिमटीने दाबतात, आई बघशील तर म्हणशील करंज्याच केल्यात. आणि तुम्ही नोव्हेंबरात येताय तर बान्या काउदा हवंच, लसूण, अँचोव्ही मासे आणि तेल मंद शिजवून मातीच्या भांड्यात, खाली मेणबत्ती, त्यात भाज्या बुडवून खायच्या. मी पहिल्यांदा खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोणी शेजारी बसेना, जॅकेट तर आठवडाभर गॅलरीत टांगलं होतं.

आई, बान्या काउदा तुला चालणार नाही, आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, असतं हे आत्ताच सांगते, नंतर कळलं तर बोलायची नाहीस माझ्याशी. तुला पोलेंता, मक्याचं घट्ट पिठलं समज, चीज न घालता द्या म्हणून मी सांगेन.

बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो लावतात, बसण्याचे, त्यावरून बाबांनी भांडायचं नाही. आणि साडेसातच्या आत रात्रीचं जेवण मिळत नाही, तेव्हा संध्याकाळी काहीतरी खाऊन घ्यायचं.

कॉफीला कॉन्सोलाता चर्चसमोरचं अल बिचेरिन, 1763 पासूनचं. छोट्या ग्लासात खाली चॉकलेट-कॉफी, वर गार क्रीम, ढवळायचं नाही. बाबा, तुम्ही नववीला शिकवायचात ना इटलीचं एकीकरण, तो काव्हूर इथे यायचा म्हणतात.

दशम्या दहाच आणा. बेसन नको, पोर्ता पालाझोच्या बाजारात चण्याचं पीठ मिळतं, त्या जागेत गोडा मसाला टाक.

तुमची,
चिऊ