साखर सगळ्यात शेवटी

नौपाडा, ठाणे

प्रिय नित्या,

एवढे महिने खपून केलेली सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ‘पाणचट आणि रागीट’ निघाली, हे वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. ओतून टाकू नकोस. पण ती सुधारायला उचललेला साखरेचा डबाही खाली ठेव. दुखणं वेगळंच आहे.

तू सगळी सफरचंदं घेतलीस गाला आणि गोल्डन डिलिशस. खायला झकास. पण यीस्टने साखर फस्त केली की चवीला आधार उरतो तो आंबटपणा आणि तुरटपणाचा, आणि तिथेच ही जात कमी पडते. तुझ्या ब्रिस्टलच्या वेशीवर लाँग अ‍ॅश्टनला संशोधन केंद्र होतं ना, तिथल्या बार्करने 1903 मध्येच सायडरच्या सफरचंदांची प्रतवारी लावून दिली: आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर तर आंबट, टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) 0.2 टक्क्यांच्या वर तर तुरट. तुझा माल दोन्हीकडे नापास.

काल गावदेवी मंडईतून आवळे आणले. एक चावला. आधी आंबट, मग जीभ टाळूला चिकटायला लागली, आणि वर पाणी प्यायलो तर ते गोड! ती पकड तुला हवीय. आवळा घाल असं नाही म्हणत, बाबा. तिकडे सॉमरसेटच्या शेतांवर सुटी सायडर मिळते; डॅबिनेट जातीच्या सफरचंदांची तुरट आणि ब्रॅम्ली जातीची करकरीत आंबट अशी थोडी थोडी आण.

मग घाई करू नकोस. तुझ्या सायडरचे शंभर मिलीचे चार ग्लास भर. एक तसाच ठेव, बाकीच्यांतून 10, 20 आणि 30 मिली काढून तेवढीच दुसरी सायडर घाल. झाकून ठेव आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी चाख. मिसळल्या मिसळल्या चव नीट कळत नाही. आंबट आणि तुरट यांचे ग्लास आधी वेगवेगळे कर, नाहीतर कशाने काय झालं ते समजायचं नाही. आंबट सायडर मिळालीच नाही तर मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदातलंच आम्ल: लिटरला 1 ग्रॅम घातलं की आम्ल 0.1 टक्क्याने चढतं. तुरटपणाला कडक कोरा चहा चालतो, अगदी चमच्याच्या हिशेबाने. आणि एखाद्या बरणीला व्हिनेगरचा वास असेल तर ती यात मिसळूच नकोस. चांगल्या मालानेही तो झाकला जात नाही, उलट सगळंच बिघडतं. ती सॅलडला ठेव.

एवढं जमलं की निम्मी साखर आपोआप वाचते. तरी गोड हवी असेल तर पिताना ग्लासात घाल. मी तर ताजा सफरचंदाचा रस घालीन, दहाला एक. साखरेने नुसती गोडी येते, रसाने सफरचंद परत येतं. बाटलीत साखर घालून बूच लावायचं मात्र मनातही आणू नकोस. यीस्ट मेलेलं नसतं, उपाशी असतं; साखर मिळाली की पुन्हा आंबवायला लागतं आणि बंद बाटलीत वायूचा दाब चढतो. शॅम्पेनवाले लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर मुद्दाम घालतात, पण त्यांच्या बाटल्या तो दाब सोसायलाच जाड केलेल्या असतात. तुझ्या साध्या बाटल्या फुटतील, आणि काचा वहिनी तुझ्याकडूनच वेचून घेतील. बाटलीतच गोडी हवी असेल तर एरिथ्रिटॉल नावाचा साखरेला पर्याय घे, ते यीस्टला पचत नाही. साखरेपेक्षा जरा कमी गोड असतं, तेही चाखूनच घाल. सॉर्बेट हे टिकाऊपणासाठीचं रसायन घालतात लोक, पण त्याने यीस्ट मरत नाही, फक्त वाढत नाही. सायडर नितळून स्वच्छ झालेली नसेल तर त्याचा उपयोग नाही. मला तो मार्ग आवडत नाही.

हे सगळं मी इथे स्वतःच केलं असतं, पण 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी आंबवायची सोय नाही. म्हणून तुझ्या खांद्यावर बंदूक.

कुठलं प्रमाण जिंकलं ते कळव, आणि तसाच ठेवलेला ग्लास कसा लागला तेही. आई विचारत होती, तिळगूळ पोस्टाने पाठवू का. पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सतीश