पाठलाग हीसुद्धा शिकारच

रविवार पुरवणीतील कारवान या चपळ शिकारी जातीच्या कुत्र्यांवरचा लेख वाचला. जातीचे कौतुक रास्तच. पण सशामागे सोडून सराव देण्याचा उल्लेख खटकला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार केवळ मारणे नव्हे, तर कुत्री सोडून पाठलाग करणे, किंबहुना तसा प्रयत्नही शिकारच ठरतो. ससा निसटला म्हणून गुन्हा टळत नाही. सुगीनंतर मोकळ्या शिवारात कुत्री सुटली, की गवतात दडलेले चिंकाऱ्याचे पाडस आणि जमिनीवर अंडी उबवणारा तितर आधी सापडतो. (याला छंद म्हणणारे वनरक्षकाची गाडी दिसताच का पांगतात?) लष्कराने २०१६ मध्ये कारवानचीच भाऊबंद मानली जाणारी मुधोळ जातीची कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली, चपळाईला असेही काम मिळते. वनविभागाने माळरानावरील गस्त वाढवावी.

– एक वाचक, सुपे (ता. बारामती)