खोडदच्या डिश नेमकं काय ऐकतात

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीच्या डिशमधून कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आक्रसत जाणाऱ्या लाटा, कशा कळतात, हे तुम्ही विचारलंत. फोनवर ते अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय.

लहरी डिशला दिसत नाहीतच. डिश ऐकते पल्सार, म्हणजे गरागरा फिरत रेडिओलहरींचा झोत टाकणारे मृत ताऱ्यांचे गाभे. जे 1909-3744 हा पल्सार सेकंदाला 339 वेळा फिरतो, दर फेरीला रेडिओचा एक ठोका. ठोका कधी यायला हवा याचं गणित तयार असतं. आला कधी, ते मोजायचं. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या लहरींमुळे त्या वेळेत पडणारा फरक सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या घरातला, तोही वर्षानुवर्षं सावकाश बदलणारा.

खरा घोळ वाटेत होतो. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनमुळे वरचा सूर आधी पोचतो आणि खर्ज मागून रेंगाळत येतो. या पल्सारचा 400 मेगाहर्ट्झचा ठोका 1400च्या मागून पाव सेकंदाने येतो. हा उशीर कायम तेवढाच असता, तर वजा केला की संपलं. पण वाटेतले इलेक्ट्रॉन दहा हजारांत एका भागाने बदलले तरी 1400ला दोन मायक्रोसेकंदांची चूक, म्हणजे शोधतोय त्याच्या वीसपट! तोच बदल 400ला 27 मायक्रोसेकंद होऊन उठून दिसतो. खोडदची किंमत इथे. तिथे 30 डिशचे गट पाडून 300-500 आणि 1260-1460 हे दोन्ही पट्टे एकाच वेळी टिपतात. वेगवेगळ्या दिवशी टिपले, तर मधल्या काळात सौरवारा, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनसारख्या कणांचा झोत, बदललेला असतो. जे 1022+1001 या दुसऱ्या पल्सारच्या अगदी जवळून सूर्य ऑगस्टअखेर जातो, तेव्हा तर विचारूच नका.

जून 2023मध्ये युरोपच्या सुमारे 25 वर्षांच्या नोंदींना खोडदच्या साडेतीन वर्षांच्या नोंदी जोडून लहरींचा पुरावा जाहीर झाला. शिक्कामोर्तब मात्र नाही. त्यासाठी वेगवेगळ्या पल्सारांच्या चुका एकमेकांशी कशा जुळतात, ते पक्कं दिसायला हवं. घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार एकदम मागेपुढे होतात. लहरींमुळे आकाशात जवळजवळ असलेले एकत्र चुकतात, काटकोनाच्या आसपासचे उलटे, समोरासमोरचे पुन्हा थोडे एकत्र.

आई, गच्चीवरच्या जुन्या अँटेनाचा बूस्टर अजून प्लगला असेल तर काढून टाक. बिघडलेला बूस्टर स्वतःच रेडिओलहरी फेकतो, आणि त्या डिशच्या ऐकण्यात अडथळा आणतात. आणि बाबा, शेतावरच्या लाइनचा इन्सुलेटर रात्री ठिणग्या टाकताना दिसला, तर वायरमनला लगेच कळवा. त्या ठिणग्यांची खरखर नेमकी खालच्या पट्ट्यात येते.

तुमची,
ताई