धबधब्याची उंची कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पावसाळी पुरवणीत ‘सर्वांत उंच’ या मथळ्याखाली एक तक्ता आला आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे धबधबे आणि प्रत्येकापुढे मीटर. डोंगरांबद्दल माझी तक्रार किरकोळ आहे. कळसूबाई १६४६ मीटर आणि त्याखालोखाल साल्हेर १५६७, हे बरोबर. फक्त कळसूबाईला ‘सह्याद्रीतील सर्वोच्च’ म्हटले आहे, तिथे ‘महाराष्ट्रातील’ हवे होते. सह्याद्रीची रांग थेट केरळात उतरते आणि तिकडचे अनैमुडी २६९५ मीटर आहे. आपल्या घरची म्हणून कळसूबाईला परस्पर बढती देण्याचे कारण नाही. (आमच्या सोसायटीत अजूनही महाबळेश्वरच सर्वांत उंच असे छातीठोकपणे सांगणारे दोघे आहेत. त्यांना हा तक्ता दाखवला, हा मात्र तुमचा उपकार.)

खरा घोळ उजव्या बाजूला आहे. साताऱ्याजवळच्या भांबवलीचा वजराई ५६० मीटर, देशात पहिला. त्याच पानावर खाली कर्नाटकातला कुंचिकल ४५५ मीटर, तोही देशात पहिला. चौकटीत मेघालयातला नोहकलिकाई, ३४० मीटर, पुन्हा पहिला! आणि आम्ही शाळेत जो घोकला तो जोग २५३ मीटर, त्यालाही पुरवणीने नाराज केलेले नाही. एका वर्गात चौघांचा पहिला नंबर आला, तर पालक मुख्याध्यापकांना विचारतीलच.

मी उभी हयात आरेखक म्हणून नकाशे काढण्यात घालवली. मलवाहिन्या, पावसाळी गटारे, रस्त्यांचे उभे छेद. मुंबईत या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी डोक्यात भरवतात: उंचीचा आकडा एकटा लिहायचा नाही. डेटम म्हणजे जिथून उंची मोजायची ती शून्य पातळी. आपल्या शहरात गटारांची पातळी टाऊन हॉल डेटमवर लिहितात आणि सर्वेक्षण विभागाचे नकाशे समुद्रसपाटीवर असतात. म्हणजे दादरच्या एकाच मॅनहोलच्या झाकणाला दोन उंच्या, आणि दोन्ही खऱ्या. कोपऱ्यात डेटम लिहायला विसरलात की साहेब नकाशा न बघताच परत पाठवत.

डोंगराचे बरे आहे. तो समुद्रसपाटीपासून मोजायचा यावर कुणाचे दुमत नाही. देशातल्या उंच्यांचा जो पाया १९०९ मध्ये ठरला, तो नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर, आणि त्यांत आपले अपोलो बंदर आहे. तरीही गंमत होते. आमचा बायकांचा गट पहाटेच्या कसारा लोकलने निघून बारी गावातून कळसूबाईला जातो. लोखंडी शिड्या चढून देवळाशी पोहोचलो की पहिले काम फोनवर उंची बघणे. देवळाच्या एकाच पायरीवर चार फोन ठेवले आणि चौघांचे चार सूर निघाले. एकात तर कळसूबाई साठेक मीटरने खचून साल्हेरच्या पंक्तीला आली होती. फोन बिघडलेला नव्हता. उपग्रह पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरून उंची काढतात आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठेक मीटर खाली आहे. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. आमच्या गटातल्या बँकवाल्या मैत्रिणीने निकाल दिला, “बाई वाढतही नाही, घटतही नाही. हिशेब तुमचा चुकतो.”

धबधब्याला मात्र असा सर्वमान्य पाया नाही. पाणी कड्यावरून सुटते ती जागा कळते, पण ‘संपले’ कुठे म्हणायचे? नोहकलिकाईचे पाणी एका झेपेत खाली येते, म्हणून त्याचा ३४० हा सरळ उडीचा आकडा. वजराई तीन टप्प्यांत उतरतो आणि ५६० ही तिन्ही टप्प्यांची मिळून सांगितली जाणारी उंची. कुंचिकल तर खडकांवरून घसरत, उड्या मारत येणारी वाराही नदी. हे तिघे एका रकान्यात बसतच नाहीत. लांब उडी आणि तिहेरी उडी यांचे एकच पदक कुणी देत नाही.

आपल्याकडचे धबधबे पायऱ्यापायऱ्यांचे का, तेही पुरवणीत दोन ओळींत आले असते तर बरे झाले असते. माळशेजला ढग उघडल्यावर समोरचा कडा नीट पाहावा. आडव्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचे हे थर. काही कठीण आणि एकसंध, काही भुसभुशीत, छिद्रांचे. भुसभुशीत थर पाणी लवकर कोरते, कठीण थर तग धरतो आणि कठड्यासारखा पुढे राहतो. पाणी त्या कठड्यावर आपटते, थांबते, पुन्हा उडी घेते. कड्यावर हिरव्या गवताच्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच टप्प्यांवर.

शिवाय महिना कुठला, हेही लिहायला हवे. कळसूबाई मे महिन्यातही १६४६ मीटरच असते. आपल्या घाटातल्या बहुतेक धबधब्यांची मे महिन्यात उंची शून्य, नुसता काळा ओला डाग, कधी तोही नाही. जोगचे पाणी १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण झाल्यापासून बरेचसे धरणवाल्यांच्या हातात आहे. भंडारदऱ्याखालच्या रंधा धबधब्याचेही प्रवरेत वरून किती सोडतात त्यावर ठरते. दिवाळीत मुलांना घेऊन ‘देशात पहिला’ बघायला गेलेला माणूस तुम्हालाच बोल लावणार.

आणि पहिल्या नंबराच्या हव्यासाने काय होते ते आपल्याच बातमीदारांना विचारा. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, तरी लोंढा त्याच दोन-चार ठिकाणी जातो आणि थेट पाण्याखाली उभा राहतो. वर पाऊस वाढला की खालच्याला कळायच्या आत लोट येतो. जूनच्या शेवटी २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ती जागा उंचीच्या कुठल्याही यादीत नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता छापाल तर धबधब्यांसाठी तीन रकाने करा: सर्वांत लांब सरळ उडी, एकूण उतार आणि पाणी कोणत्या महिन्यांत असते. आकडा कुणी मोजला हे ठाऊक असेल तर तेही लिहा. नसेल तर ‘सांगितली जाणारी उंची’ इतके म्हटले तरी चालेल. ‘देशात पहिला’ हे शब्द मात्र एकदाच वापरा. छापण्याआधी कच्चा तक्ता माझ्याकडे पाठवलात तर मी लाल पेनाने तपासून देईन. मानधन नको, रविवारचा अंक वेळेवर टाकायला पेपरवाल्याला सांगा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आरेखक, मुलुंड (पूर्व), मुंबई